नुब्रा खोऱ्यातली लेकरे आणि आम्ही जवान

लडाख म्हटले की आपल्या लोकांच्या डोळ्यांपुढे दोन गोष्टी उभ्या राहतात. एक बर्फ आणि दुसरी बुद्धमूर्ती. दोन्ही खऱ्या आहेत, पण तेवढ्याने लडाख पुरा होत नाही. 1996 च्या सप्टेंबरपासून 1998 च्या जूनपर्यंत आम्ही लडाखच्या नुब्रा खोऱ्यात ड्यूटीवर होतो. आम्ही म्हणजे एका पलटणीतले चौघे महाराष्ट्राचे. एक नागपूर जिल्ह्यातला, एक मनमाडच्या रेल्वे चाळीतला, एक जालन्याकडचा आणि एक महाड तालुक्यातला. चौघेही जयभीमवाले. आमच्यातल्या दोघांचे आजोबा 1941 साली बेळगावात उभ्या राहिलेल्या महार पलटणीत शिपाई होते, त्यामुळे बूट आणि पट्टा आमच्या घरांना नवा नव्हता. आज चौघेही पेन्शनीत आहोत. पलटणीचा नंबर आणि चौकीचे ठिकाण सांगण्याची फौजेत रीत नाही, म्हणून तेवढे सोडून बाकी सांगतो. हल्ली आपल्या वस्त्यांमधली पोरे मोटारसायकली काढून लडाखला जातात, कुटुंबेही सहलीच्या कंपन्यांबरोबर जातात. त्यांनाही याचा उपयोग व्हावा.

अंबाल्यापासून खारदुंग-ला

झेलम एक्सप्रेसने अंबाला, तिथून चंदीगड, चंदीगडच्या तळावर नंबर लागेपर्यंत मुक्काम आणि मग हवाई दलाच्या मालवाहू विमानातून तासाभरात लेह, असा आमचा प्रवास झाला. विमानात खुर्च्या नव्हत्या, दोन्ही बाजूंना लांबलचक झोळीसारखी आसने होती. खिडकी म्हणजे भिंतीतले एक गोल भोक. त्या भोकातून पाहिले तर खाली नुसते डोंगरच डोंगर, आणि त्यांच्यावर झाडाचे नाव नाही.

लेह शहर साडेअकरा हजार फुटांवर आहे. महाबळेश्वर साडेचार हजारांवर आहे, त्यावरून अंदाज करा. हवा विरळ. उतरल्या उतरल्या नाचायला-पळायला गेलेला पैलवानसुद्धा दुसऱ्या दिवशी डोके धरून पडतो. म्हणून फौजेचा नियम पक्का असतो. पहिले सहा दिवस याच उंचीवर काढायचे. त्यातले पहिले दोन दिवस तर नुसते पडून राहायचे, पाणी प्यायचे, मग हळूहळू चालायला लागायचे. त्याहून वर जायचे असेल तर पुढच्या टप्प्यावर आणखी चार दिवस, आणि पंधरा हजार फुटांच्या वर जायचे तर अजून चार. घाई करणाऱ्याच्या फुप्फुसात पाणी भरते आणि माणूस दगावतो.

लेहहून नुब्रात जायला खारदुंग-ला ही खिंड ओलांडावी लागते. 'ला' म्हणजे लडाखी भाषेत खिंड. त्या वेळी वरच्या पाटीवर 18,380 फूट असे लिहिलेले होते. नंतरच्या मोजणीत ती उंची 17,582 फूट निघाली. आमच्या श्वासाला मात्र त्या आठशे फुटांचा काही फरक पडला नसता. खिंड ओलांडून खाली उतरले की श्योक नदीचे रुंद पात्र लागते, आणि दहा हजार फुटांच्या आसपास डिस्किट हे खोऱ्यातले मुख्य गाव. डोंगराच्या कुशीला चिकटलेली तिथली गोंपा, म्हणजे विहार, चौदाव्या शतकातली आहे. मैत्रेय बुद्धाची जी 32 मीटर उंच मूर्ती आज प्रत्येक प्रवाशाच्या फोटोत दिसते, ती आमच्या वेळी नव्हती. तिचे काम 2010 मध्ये पुरे झाले. डिस्किटजवळ हुंदर गाव. तिथे चक्क वाळूच्या टेकड्या आहेत आणि दोन मदारींचे उंट आहेत. पूर्वी लेह आणि यारकंद यांच्यामध्ये व्यापारी काफिले चालत, त्यांच्या उंटांची ही औलाद.

चौकीवरचा दिवस

आमची चौकी एका लहान गावाच्या वरच्या अंगाला होती. उजाडायच्या आधी स्टँड-टू. म्हणजे हत्यार घेऊन आपापल्या मोर्च्यात गप्प उभे राहायचे, कारण शत्रू यायचा तर याच वेळेला येतो असे फौजेचे गणित आहे. थंडीत उणे पंधरा, उणे वीसपर्यंत पारा उतरायचा. रायफलीच्या लोखंडाला उघडे बोट लागले तर कातडी चिकटायची. मग चहा, हत्यारांची सफाई, गस्त, पाणी आणणे, रस्त्यावरचे बर्फ काढणे, टेलिफोनची तार तपासणे. रात्री पहारा. एक पहारा दोन तासांचा. सिनेमात दाखवतात तसा गोळीबार रोज नसतो. रोज असते ते काम आणि वाट पाहणे.

झोपायला पत्र्याचे आणि दगडाचे बराकवजा बंकर. मध्ये बुखारी, म्हणजे रॉकेलवर चालणारी लोखंडी शेगडी, तिचे धुराडे छताबाहेर. बुखारीपासून तीन हातांवर बसले तर अंग भाजते आणि सहा हातांवर बसले तर पाय गारठतात. लंगरातला कांदा-बटाटा दगडासारखा गोठायचा. अंडे फोडले तर आतून बर्फाची गोटी निघायची. डबाबंद भाजी, डबाबंद फळे, दुधाची पावडर. उंचीवर पाणी लवकर उकळते पण पुरते तापत नाही, म्हणून कुकरशिवाय डाळ शिजत नाही. जालनेकराने घरून आणलेला ठेचा आम्ही औषधासारखा चिमूटचिमूट पुरवला.

आणि पत्र. पत्त्यावर गावाचे नाव नाही, फक्त नंबर, नाव, पलटण आणि 'द्वारा 56 ए.पी.ओ.' घरच्या लोकांना आपला माणूस कुठे आहे ते नेमके ठाऊक नसते. खिंड बर्फाने बंद झाली की आठ-आठ, पंधरा-पंधरा दिवस डाक यायची नाही, मग एकदम गठ्ठा यायचा. मनमाडकराची मुलगी त्या वेळी दुसरीत होती. तिने एका पत्रात नुसते पाढे लिहून पाठवले होते, दोनपासून दहापर्यंत. ते पत्र त्याने इतक्या वेळा वाचले की घडीवर फाटले.

आमा-ले, आबा-ले

गावातली लेकरे पहिल्या महिनाभर लांबूनच पाहायची. गाल लालभडक, थंडीने भेगाळलेले, नाक वाहते, अंगावर लोकरीचा लांब झगा आणि कमरेला पट्टा. मग एक दिवस सहा-सात वर्षांची एक मुलगी पुढे आली आणि मोठ्याने म्हणाली, "जुले!" हा एकच शब्द लडाखात नमस्कारालाही चालतो, आभारालाही चालतो आणि निरोपालाही चालतो. आम्हीही म्हणालो, "जुले!" झाली ओळख.

त्यांची भाषा आम्हाला या मुलांनीच शिकवली. आईला आमा, वडिलांना आबा, मोठ्या बहिणीला आचे, मोठ्या भावाला आचो, आजोबांना मेमे, आजीला आबी. आणि मान द्यायचा असेल तर पुढे 'ले' लावायचे. आमा-ले, आबा-ले, मेमे-ले. आपल्याकडे 'आबा' म्हणजे आजोबा किंवा घरातला वडीलधारा, तिकडे बाप. महाडकराला हे इतके आवडले की तो सुभेदार साहेबांनाही आमच्यापुरते 'आबा-ले' म्हणू लागला. आम्ही त्यांना मराठी आकडे शिकवले, त्यांनी आम्हाला चिक, ञिस, सुम शिकवले. आम्हाला ती पोरे आधी 'फौजी अंकल' म्हणायची. पुढे 'काका' म्हणायला लागली.

एकदा त्यांनी विचारले, तुमच्या गावात बर्फ पडतो का? आम्ही सांगितले, पडत नाही. आमच्याकडे बर्फ कारखान्यात करतात, लाकडाच्या भुशात गुंडाळून ठेवतात, आणि उन्हाळ्यात आम्ही तो पैसे देऊन विकत घेतो. यावर ती पोरे एकमेकांच्या अंगावर पडून हसली. बर्फ विकत घेतात! पुढे कितीतरी दिवस कोणी ना कोणी मुलगा बर्फाचा गोळा घेऊन यायचा आणि म्हणायचा, काका, दोन रुपये.

जुलै-ऑगस्टात जर्दाळू पिकले की हीच मुले टोप्या भरभरून जर्दाळू आणायची. तिथे जर्दाळूला चुली म्हणतात. आमच्याकडे तेव्हा द्यायला काय, तर रेशनमधले चॉकलेट आणि काजू-बदाम. पण सुभेदार साहेबांचा एक हुकूम होता, तो आम्हाला फार पटला. चालत्या गाडीतून कोणी मुलांकडे गोळ्या-बिस्किटे फेकायची नाहीत. काही रस्त्यांवर लेकरांना सवयच लागली होती. फौजी गाडी दिसली की रांगेत उभे राहून सलाम ठोकायचा आणि वरून पडेल ते धुळीतून वेचायचे. साहेब म्हणायचे, "फेकलेले उचलणारा पोरगा मोठेपणीही वाकूनच चालेल. द्यायचे असेल तर गाडीतून उतरा, नाव विचारा, हातात द्या." ज्यांच्या आज्या-पणज्यांनी गावकीचे वरून टाकलेले पदरात झेलले, त्यांना या हुकमाचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागला नाही.

बुखारीभोवतीची शाळा

लडाखात डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या शेवटापर्यंत शाळांना थंडीची सुट्टी असते. आपल्याकडे मे महिना, तसा तिकडे जानेवारी. सुट्टीत मुलांना मोकळा वेळ होता आणि आम्हाला दुपारी दोनेक तास सवड मिळायची. कंपनी कमांडरांची परवानगी घेऊन आम्ही एका रिकाम्या खोलीत बुखारी पेटवली आणि मुलांना बसवले. पहिल्या दिवशी सात आली, आठवड्याने एकवीस.

तेव्हा कळले की ही लेकरे बुद्धीने कमी नाहीत, ती तीन भाषांच्या जात्यात सापडली आहेत. घरी लडाखी, सरकारी शाळेतली पुस्तके उर्दूत, आणि पुढे मोठ्या वर्गात एकाएकी इंग्रजी. दहावीला शंभरातली पंच्याण्णव मुले नापास होतात, असे तिकडे तेव्हा सगळेच सांगत. हे बदलावे म्हणून लडाखच्याच शिकलेल्या तरुणांनी 1988 साली सेकमोल ही संस्था काढली आणि 1994 पासून गावकरी, सरकार व शिक्षक यांना एकत्र आणून सरकारी शाळा सुधारण्याची मोहीम चालवली. आमचे काम त्यापुढे मुंगीएवढे. आम्ही फक्त पाढे, बेरीज-वजाबाकी आणि इंग्रजी अक्षरे घटवून घेत होतो. घरातला पहिलाच शिकणारा मुलगा अभ्यासाला बसतो तेव्हा त्याला विचारायला घरात कोणी नसते, ही अडचण आम्हा चौघांनीही भोगलेली. तेवढी अडचण दोन तास दूर करायची, एवढाच हेतू.

फौज आणि शाळा यांचे नाते आपल्या समाजाला ठाऊक आहे. सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते आणि 14 एप्रिल 1891 ला महूच्या छावणीत बाबासाहेबांचा जन्म झाला. फौजेत अक्षर शिकलेल्या बापामुळे घरात पुस्तक आले. पुढे 1998 मध्ये फौजेने जम्मू-काश्मीरमध्ये 'ऑपरेशन सद्भावना' सुरू केले आणि त्यातून सीमाभागात शाळा, दवाखाने, शिवणवर्ग उभे राहिले. लडाखातही ते काम झाले.

याच रस्त्यांवर आणखी लेकरे होती, त्यांच्यासाठी शाळा नव्हतीच. सीमा सडक संघटनेच्या रस्त्यांवर दुमक्याकडचे आदिवासी मजूर काम करायचे. दुमका तेव्हा बिहारात होता, 2000 पासून झारखंडात आला. नेपाळहूनही काही बिऱ्हाडे यायची. डांबराच्या पिंपांच्या आडोशाला पोर निजवून बाया खडी फोडायच्या. सारे जग खारदुंग-लाच्या पाटीशेजारी फोटो काढते, पण तो रस्ता या माणसांच्या हातांनी उघडा राहतो. आमच्या औषधवाल्या जवानाकडे ही पोरे धुराने आणि बर्फाच्या चकाकीने लाल झालेले डोळे घेऊन यायची. तो डोळ्यांत थेंब घालायचा आणि जुने काळे चष्मे दोरीने बांधून द्यायचा. मोठ्यांच्या चष्म्यातून ती घुबडाच्या पिलांसारखी दिसायची. थंडी पडू लागली की बिऱ्हाडे निघून जायची. दुसऱ्या उन्हाळ्यात येणारी मुले वेगळी असायची.

दाराशी बसलेला पोरगा

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला ती सांगतो.

डिसेंबर 1996 मध्ये लोसार, म्हणजे लडाखी नवे वर्ष आले. गावच्या गोबाने, म्हणजे पाटलाने, आम्हाला जेवायला बोलावले. मोठी खोली, भिंतीला चकचकीत घासलेली पितळी भांडी, शंकरपाळ्यांसारखे तळलेले खाप्से, लोणी-मीठ घातलेला गुरगुर चहा. पाहुणे म्हणून आम्हाला वरच्या अंगाला बसवले. बसण्याचा क्रम ठरलेला होता. आधी लामा, मग जुन्या घराण्यांतले, मग बाकीचे. आणि सगळ्यांच्या शेवटी, दाराशी, जिथे माणसे बूट काढतात आणि दार उघडले की थंड वारा आत येतो, तिथे दोन माणसे आणि एक दहा वर्षांचा मुलगा. मोठ्यांपैकी एकाकडे सुरना, म्हणजे आपल्या सनईसारखे वाद्य, दुसऱ्याकडे दमन नावाचा जोडनगारा. मुलगा बापाशेजारी बसून दोन काड्यांनी गुडघ्यावर ताल धरत होता. हा मुलगा आमच्या वर्गात यायचा. पाढ्यांत सगळ्यांच्या पुढे. तिथे तो बुखारीला चिकटून बसायचा, इथे दाराशी.

ही मोन लोकांची जागा आहे, असे शेजारच्याने सहज सांगितले. लडाखात वाजवणारे मोन आणि बेदा, आणि लोहारकाम करणारे गरा, यांना उतरंडीत खाली मानत. लग्नसंबंध होत नसत आणि पंगतीत जागा शेवटची. त्यांच्या वाजवण्यावाचून मात्र लग्न नाही, सण नाही, तिरंदाजीचा खेळ नाही. भिंतीवर तथागताचे चित्र होते. बुद्धाच्या संघात नाभिक उपाली आधी दीक्षा घेऊन ज्येष्ठ झाला आणि शाक्य राजपुत्रांनी त्याला वंदन केले, ही कथा आम्ही लहानपणापासून विहारात ऐकत आलो. त्याच बुद्धाच्या चित्राखाली दाराशी बसलेले ते पोर पाहून आमच्या घशाखाली खाप्सा उतरेना.

त्या रात्री बराकीत आमच्यातच वाद पेटला. नागपूरकराच्या आजोबांनी 14 ऑक्टोबर 1956 ला दीक्षाभूमीवर धम्म घेतला आणि गावी परतल्यावर घरातले डफडे फोडून चुलीत घातले होते. तो म्हणाला, "त्या पोराच्या हातातल्या काड्या आधी काढून घेतल्या पाहिजेत." महाडकर म्हणाला, "आमच्या महाडला 1927 साली बाबासाहेबांनी सांगितले, हलकी समजलेली कामे सोडा, स्वाभिमानाने राहा. पण ते आपल्या माणसांना आपल्या माणसाने सांगितले होते. आपण इथे पाहुणे, शिवाय बंदूकवाले. आपण हुकूम सोडला तर तो धम्म होत नाही." जालनेकर म्हणाला, "ढोलाचा काय गुन्हा? गुन्हा जागेचा आहे." मनमाडकर बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पोराच्या बापाला तरी विचारा."

विचारले. बाप सावकाश बोलला. म्हणाला, "वाजवणे आमच्या बापजाद्यांचे आहे. ते मला येते, त्यावर माझी भाकरी आहे. मला त्याची लाज नाही. पण पोरगा शिकला तर त्याला दुसरीही भाकरी मिळेल." मग मनमाडकराने त्याला सांगितले की 1989 साली सरकारने लडाखच्या जमाती अनुसूचित जमातींच्या यादीत घातल्या, त्यांत मोन, बेदा आणि गरा यांची नावे वेगवेगळी आहेत. दाखला काढला तर मुलाला शिष्यवृत्ती मिळेल, पुढे नोकरीत राखीव जागा आहे. आपल्याकडे दाखल्यासाठी कचेरीचे उंबरे झिजवलेल्या माणसाला कागदांची ओळख असते. त्याने अर्जाचा मसुदा लिहून दिला आणि बाप डिस्किटला जाऊन दाखला घेऊन आला. दोन खेपा पडल्या, पण दाखला मिळाला.

15 ऑगस्ट 1997. स्वातंत्र्याला पन्नास वर्षे झाली म्हणून चौकीवर झेंडावंदनाला सारा गाव बोलावला आणि नंतर बडाखाना ठेवला. फौजेत बडाखाना म्हणजे साहेबापासून सफाईवाल्यापर्यंत सगळ्यांनी एकत्र जेवायचे. सुभेदार साहेबांनी जमिनीवर लांब ताडपत्री अंथरली आणि सांगितले, "जो जसा येईल तसा बसेल." कोणालाही वेगळे काही सांगितले नाही. लेकरे धावत आली आणि मिळेल तिथे बसली. तो मुलगा मधोमध बसला, एका बाजूला गोबाचा नातू, दुसऱ्या बाजूला 'जुले' म्हणणारी मुलगी. त्याचा बाप ताडपत्रीच्या टोकाला उभा होता. कंपनी कमांडर साहेबांनी हाताला धरून त्याला आपल्या शेजारी बसवले. दोन म्हाताऱ्यांनी पोट ठीक नाही असे सांगून नुसता चहा घेतला. ते आमच्या लक्षात आले. गोबा जेवला. हात धुताना एवढेच म्हणाला, "फौजेची पंगत फौजेची. गावाची पंगत गावाची."

तो बोलला ते खरे होते. पुढच्या लोसारला बाप पुन्हा दाराशीच बसला. एका जेवणाने पिढ्यांची बैठक हलत नाही, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. पण त्या दिवशी जेवणानंतर पोरांनी बुखारीजवळ गोट्यांचा डाव मांडला आणि एकाने दाराकडे बघून त्या मुलाला नावाने हाक मारली. तो उठला आणि सगळ्या खोलीच्या मधून चालत त्यांच्यात जाऊन बसला. कोणी अडवले नाही. वसंतात शाळा उघडली तेव्हा बापाने त्याचे नाव डिस्किटच्या शाळेत सहावीत घातले. सुट्टीत तो दमन वाजवायला बापाबरोबर जायचा. नागपूरकर त्याचे वाजवणे ऐकायला सगळ्यांत पुढे उभा राहायचा.

तो दाराशी बसायचा?

14 एप्रिल 1998 ला आम्ही बराकीत पेटीवर बाबासाहेबांचा फोटो ठेवून मेणबत्त्या लावल्या. डाकेने आलेला फोटो, कोपरा दुमडलेला. लेकरे डोकावली. हे कोण, असे त्यांनी विचारले. महाडकर म्हणाला, "हे आमचे मेमे-ले." मग त्यांनी गोष्ट मागितली. आम्ही सांगितले की हे लहान असताना यांना वर्गात इतर मुलांबरोबर बसू देत नसत, घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागे, आणि तहान लागली तर माठाला हात लावायची परवानगी नव्हती. मोनाचा तो मुलगा मागे उभा होता. त्याने हळूच विचारले, "काका, म्हणजे ते दाराशी बसायचे?"

"हो बाळा."

"मग?"

"मग ते खूप शिकले. आणि सगळ्या देशाचा कायदा लिहायला बसले."

त्याने थोडा विचार केला आणि विचारले, "तेव्हा कुठे बसले होते?" नागपूरकर म्हणाला, "मधोमध." पुढच्या वेळी त्याने तो फोटो मागितला. आम्ही दिला.

जूनमध्ये पलटण खाली उतरली. वर्षभराने, 1999 च्या उन्हाळ्यात, कारगिलची लढाई झाली आणि लडाखचे नाव घरोघरी पोचले. 31 ऑक्टोबर 2019 पासून लडाख वेगळा केंद्रशासित प्रदेश झाला. 2011 च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या पावणेतीन लाखांच्या आसपास होती, म्हणजे आपल्या एखाद्या तालुक्याएवढी. त्यात बौद्ध आहेत तसे मुसलमानही मोठ्या संख्येने आहेत. नुब्राच्या पश्चिम टोकाला तुर्तुक आहे, 1971 च्या लढाईत भारताकडे आलेले बाल्टी मुसलमानांचे गाव. तिथली पोरेही जवानांना तितक्याच मोकळेपणाने हाक मारतात. लडाख फक्त आपल्या धम्माचे म्हणून पाहायला जाऊ नये, तिथल्या सगळ्या माणसांचे म्हणून पाहावे.

जाणाऱ्यांसाठी

जून ते सप्टेंबर हा काळ कुटुंबासाठी बरा. विमानाने गेलात तर लेहला दोन दिवस पुरते पडून राहा, मग शांतिस्तूप बघा. जपानी भिक्खूंच्या पुढाकाराने बांधलेला हा स्तूप 1991 मध्ये खुला झाला. त्याच्या पायऱ्या घाईने चढू नका. पाणी सारखे प्या. छातीत घरघर किंवा डोके फुटेल असे दुखणे सुरू झाले तर वर जाण्याचा हट्ट सोडून ताबडतोब खाली उतरा. म्हातारी माणसे आणि दम्याचा त्रास असलेल्यांनी निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. तिथे वर्षाला जेमतेम चार इंच पाऊस पडतो, म्हणून पाणी जपून वापरा. लोकरीचे कपडे उन्हाळ्यातही न्या.

गाडीतून लेकरांकडे काही फेकू नका. थांबा, उतरा, जुले म्हणा. वही-पेन्सिली न्यायच्या तर गावच्या शाळेत मास्तरांच्या हाती द्या. गोंपा पाहून झाली की वाजवणाऱ्यांचीही चौकशी करा, त्यांच्या शेजारी बसून चहा घ्या. रस्त्यावर खडी फोडणारी बाई दिसली तर तिलाही जुले म्हणायला विसरू नका. आपली मुले बरोबर असतील तर त्यांना तिथल्या मुलांची नावे विचारू द्या आणि स्वतःची सांगू द्या. आम्हाला ती एकवीस नावे आजही ओळीने पाठ आहेत.